१२७.०.०.१ : मशीनच्या आतला पत्ता

१२७.०.०.१ या पत्त्यावर पाठवलेली माहिती नेटवर्क कार्डापर्यंत जातच नाही. ऑपरेटिंग सिस्टिम ती आतल्या आत परत फिरवते. डेटाबेस फक्त याच पत्त्यावर ऐकत असेल, तर त्याच मशीनवरची वेबसाइट त्याच्याशी बोलते, बाहेरच्या कॉम्प्युटरला मात्र जोडणीच मिळत नाही. पत्ता ०.०.०.० ठेवला, की मशीनच्या प्रत्येक नेटवर्कवर दार उघडं.

मोंगोडीबी हा डेटाबेस वापरणाऱ्यांना हा फरक फार महागात पडला. जानेवारी २०१७मध्ये पासवर्डाविना इंटरनेटवर उघडे राहिलेले हजारो डेटाबेस चोरट्यांनी पुसले आणि त्या जागी बिटकॉइनच्या खंडणीची चिठ्ठी ठेवली. त्याच वर्षी आलेल्या ३.६ आवृत्तीपासून हा डेटाबेस मुळातच लोकलहोस्टपुरता, म्हणजे १२७.०.०.१ पुरता, मर्यादित झाला. हे खूप आधी व्हायला हवं होतं.

डॉकर वापरणाऱ्यांनी विशेष जपावं. पोर्टच्या ओळीत नुसतं ‘५४३२:५४३२’ लिहिलं, तर तो पोर्ट सगळ्या नेटवर्कवर खुला होतो; या आकड्यांच्या आधी १२७.०.०.१: जोडावं लागतं. पासवर्डही हवाच, कारण त्याच मशीनवरचे इतर प्रोग्रॅम लोकलहोस्टपर्यंत पोहोचतातच. तुमच्या सर्व्हरवर कोणती सेवा कोणत्या पत्त्यावर ऐकते आहे, ते आजच तपासा.