पळसाची पंगत

लग्नाच्या आदल्या रात्री पत्रावळींचे गठ्ठे सोडायचे, त्यांवर पाण्याचा शिपका मारायचा आणि ओलं पोतं टाकून ठेवायचं, हे काम आम्हा पोरांकडे असायचं. पळसाचं वाळलेलं पान तसंच कोरडं वापरलं तर दाबाखाली तडकतं. रात्रभर ओल मुरली की नरम पडतं आणि सकाळी पंगतीत जमिनीला नीट टेकतं. त्या गठ्ठ्यांचा तुरट, मातकट वास मला अजूनही लग्नघराचा वास वाटतो.

आता बुलढाणा जिल्ह्यातल्या मंगल कार्यालयांतही गोल टेबलं आली. त्यांवर सॅटिनचं कापड, मधोमध जरबेराचा गुच्छ. टेबलाला माझी हरकत नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसांची त्यानं सोय झाली. पण जरबेरा हे पॉलिहाऊसमध्ये जपलेलं फूल. घाटाखाली, मलकापूर-नांदुरा-शेगावकडे, वैशाखात पारा चाळिशी सहज ओलांडतो. आमच्याच घरच्या एका लग्नात दुपारची पंगत बसायच्या आत त्या फुलांनी माना टाकल्या होत्या. त्याच वेळी कार्यालयाच्या कुंपणाला लागून बहावा पिवळ्या झुंबरांनी लगडलेला होता, आणि त्याच्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं. तेव्हापासून मी जवळच्यांना एकच सांगत आलो आहे: लग्नाची तिथी ठरली की आधी त्या महिन्यात आपल्या शिवारात काय फुलतं ते बघा.

फाल्गुनात पळस आणि काटेसावर. चैत्रात मोगरा आणि पांढरा चाफा. वैशाखात बहावा, गुलमोहर. पळसाची फांदी तोडून फुलदाणीत लावू नये, फुलं लवकर गळतात. सकाळी बांधावरच्या झाडाखाली पडलेली ताजी फुलं टोपलीत वेचावीत आणि पितळी घंगाळात पाण्यावर सोडावीत. मखमली काळपट देठ, वर पोपटाच्या चोचीसारखी केशरी पाकळी. टेबलाच्या मधोमध एवढं पुरतं. उरलेली फुलं उकळली की पिवळा-केशरी रंग उतरतो. त्यात चिमूटभर चुना घातला की तो गडद होतो. टेबलावर अंथरायचं पांढरं सुती कापड त्यात बुडवून घेता येतं.

पळसाचा हा रंग होळीचाही. त्याच्याशी जिल्ह्याची एक जुनी आठवण जोडलेली आहे. सिंदखेडराजा हे जिजाऊंचं जन्मगाव. लखुजीराव जाधवांच्या घरी रंगपंचमीला लहानगी जिजाऊ आणि बाल शहाजी एकमेकांवर रंग उडवत होते, ते पाहून जोडा शोभतो असं लखुजीराव सहज बोलून गेले आणि शहाजींच्या वडिलांनी, मालोजीराजांनी, तो शब्द धरला, अशी आख्यायिका आहे. ती इतिहासाच्या कसोटीला कितपत उतरते हा अभ्यासकांचा प्रश्न. पण इथलं एवढं मोठं लग्न लोकांच्या मनात वसंतातल्या रंगापासून सुरू होतं, हे मला फार जवळचं वाटतं.

पळस फुलतो तेव्हा त्याच्या अंगावर पानं जवळपास नसतातच. फुलं सरली की पालवी फुटते, आणि पान जून झालं की पत्रावळीचं काम सुरू होतं. कुठेही गेलं तरी पळसाला पानं तीनच, आणि त्या तिन्हींतलं मधलं सगळ्यांत मोठं. एक चांगलं रुंद पान मध्यभागी घ्यायचं, त्याच्याभोवती एकावर एक थोडं चढवत बाकीची गोलात लावायची आणि प्रत्येक जोड बारीक काडीनं टाचायचा. काडी पानात शिरते, लगेच वर येते, उरलेलं टोक मोडायचं. सराईत बाई हे करताना नजर वर करून बोलतही असते. टाका लांब पडला तर वरण खाली उतरतं, फार जवळ पडला तर पान फाटतं. तयार पत्रावळी दगडाखाली दाबून सपाट करायच्या आणि गठ्ठे बांधून ठेवायचे. ते पुढच्या लग्नसराईपर्यंत टिकतात.

मधल्या काळात थर्माकोलच्या ताटल्यांनी हे काम मोडीत काढलं. मार्च 2018 मध्ये राज्यानं प्लास्टिकबरोबर थर्माकोलच्या ताटल्यांवरही बंदी घातली, तेव्हा पत्रावळ परत येईल असं वाटलं होतं. आली, पण बरीचशी कागदाची. पानं वेचून, वाळवून, टाचून एक पत्रावळ करायला लागणारा वेळ कागदाच्या भावात बसत नाही. लग्नात फुलांवर हजारो रुपये घालवणाऱ्यांनी पत्रावळीच्या चार पैशांसाठी घासाघीस करू नये, असं मला मनापासून वाटतं.

गेल्या चैत्रात पुतणीच्या लग्नात आम्ही टेबलं ठेवली आणि ताटाच्या जागी पत्रावळ मांडली. मध्ये घंगाळात चाफा, प्रत्येक पानाच्या वरच्या कडेला मोगऱ्याच्या दोन कळ्या. डाव्या हाताला मीठ, लिंबू, चटणी. उजवीकडे वांग्याची भाजी. समोर बट्टी आणि द्रोणात वरण. वाढपी वरण घेऊन आला तसा घाटाखालचा एक म्हातारा पाहुणा टेबलाखाली वाकून काहीतरी शोधू लागला. विचारलं तर म्हणाला, "द्रोणाले टेकू द्याले खडा पाहतो, बापू." मी बाहेर जाऊन अंगणातून चार खडे धुऊन आणले.