खडेबाजारातला दिवस, साइनच्या आलेखावर

बेळगावात दिवस किती मोठा होतो आणि किती लहान, हे आलेख कागदावर मांडायला मी खडेबाजार हे ठिकाण धरलं. अक्षांश 15.85 उत्तर. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतचा वेळ, दर आठवड्याला एक ठिपका. ठिपके जोडले की साइनची रेषा जवळजवळ हुबेहूब उमटते.

21 जूनचा दिवस सुमारे 13 तास 4 मिनिटांचा, 22 डिसेंबरचा 11 तास 11 मिनिटांचा. फरक 113 मिनिटं. अकरावीची मुलं इथेच घाईने 113 हाच आयाम लिहून टाकतात. आधी मध्यरेषा काढावी, हा माझा आग्रह आहे. ती येते 12 तास साडेसात मिनिटांवर. (नेमकी बारावर येत नाही, कारण हवेतून किरण वाकतात आणि सूर्याची वरची कड दिसली की आपण सूर्योदय धरतो.) त्या रेषेपासून शिखरापर्यंतची उंची, साडेछप्पन मिनिटं, हा आयाम.

आवर्तनकाल शिखरावरून मोजू नये. जूनच्या त्या आठवड्यात दिवस अर्ध्या मिनिटानेही बदलत नाही. शिखर सपाट असतं आणि बोट नेमकं कुठे ठेवावं कळत नाही. मार्चमध्ये मात्र दिवस रोज जवळजवळ एका मिनिटाने वाढतो, त्यामुळे रेषा मध्यरेषेला स्वच्छ छेदते. वर जातानाच्या एका छेदापासून वर जातानाच्याच पुढच्या छेदापर्यंत मोजावं: 365 दिवस. खाली येतानाचा छेद धरून दुप्पट करायला गेलात तर फसाल. मार्च ते सप्टेंबर 186 दिवस भरतात, उरलेला अर्धा भाग 179. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे, त्याचा हा परिणाम.

मोजणी मार्चच्या छेदापासून सुरू केली तर हाच आलेख साइनचा, जूनच्या शिखरापासून केली तर कोसाइनचा. आयाम आणि आवर्तनकाल दोन्हीकडे तेच.

हे गणित आपल्याकडे जुनं आहे. गणेश दैवज्ञांचं ‘ग्रहलाघव’ 1520 सालचं. त्यात बारा अंगुळांचा शंकू उभा करून विषुवदिनी मध्यान्हीची सावली, म्हणजे पलभा, घेतात. तिला 10, 8 आणि 10 भागिले 3 यांनी वेगवेगळं गुणून बेरीज केली की दिवस सर्वांत मोठा असताना सूर्योदय किती पळं अलीकडे येतो ते कळतं. बेळगावची पलभा सुमारे 3.4 अंगुळं. बेरीज साडेबहात्तर पळं, म्हणजे 29 मिनिटं. सूर्यास्तही तितकाच लांबतो, एकूण 58. सावली मोजून काढलेलं उत्तर आलेखाच्या आयामापासून दीड मिनिटावर येतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

निपाणी थोडी उत्तरेला आहे. तिथली पलभा साडेतीन अंगुळांच्या किंचित वर जाते आणि आयाम दोनेक मिनिटांनी वाढतो. आवर्तनकाल मात्र 365 दिवसांचाच.