कार्ब्युरेटर की फ्युएल इंजेक्शन?

चुलीत लाकडे अधिक झाली आणि हवा कमी पडली, तर धूर होतो. हवा अधिक आणि लाकडे कमी झाली, तर आच मंदावते. पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनाचेही तसेच आहे. एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण राखण्याचे काम पूर्वी कार्ब्युरेटर करीत असे. आज ते फ्युएल इंजेक्शन, म्हणजेच इंधन-अंतःक्षेपण, करते. जुनी पेट्रोल जीप दुरुस्त करून ती चढावर, ओझ्यासह, जोमाने चालवू पाहणाऱ्या मालकाला या दोहोंतून एकाची निवड करावी लागते.

या निवडीचे मर्म समजण्यासाठी बेंगळुरूचे उदाहरण उपयोगी पडते. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. तेथील हवेचा दाब चेन्नई किंवा मुंबईच्या हवेपेक्षा जवळजवळ एक दशांशाने कमी असतो. म्हणजे तेथे हवा विरळ आहे. चेन्नईत उत्तम चालणारी कार्ब्युरेटरची जीप होसूरमार्गे बेंगळुरूला पोहोचली, की तिच्या मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण किंचित वाढते. पेट्रोल अधिक खर्च होते, प्लगवर काजळी धरते आणि जोर कमी पडतो.

असे का घडते? कार्ब्युरेटरमध्ये हवा एका अरुंद गळ्यातून वेगाने जाते. वेग वाढला की दाब घटतो आणि शेजारच्या लहान टाकीतील पेट्रोल 'जेट' नावाच्या बारीक छिद्रातून ओढले जाते. या छिद्राचा आकार कायम असतो. हवा विरळ झाली आहे, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. शिवाय तीव्र चढावर गाडी कलली, की त्या लहान टाकीतील पेट्रोलही कलते आणि इंजिन गुदमरते किंवा उपाशी राहते. चार सिलिंडरांना एकच कार्ब्युरेटर असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला सारखे मिश्रण येईलच असे नाही.

फ्युएल इंजेक्शनमध्ये पंप पेट्रोल दाबाखाली पाठवतो आणि इंजेक्टर त्याचा फवारा उडवतो. आत येणारी हवा, तिचे तापमान, इंजिनाची उष्णता आणि धुरात उरलेला प्राणवायू यांची नोंद सेन्सर घेतात. त्यावरून लहानसा संगणक इंजेक्टर किती सहस्रांश सेकंद उघडा ठेवायचा, हे ठरवतो. त्यामुळे थंड सकाळी गाडी चटकन सुरू होते, घाटात मिश्रण बिघडत नाही आणि प्रत्येक सिलिंडरला सारखे इंधन मिळते. मात्र एक गैरसमज दूर केला पाहिजे. केवळ इंजेक्शन बसवले म्हणून इंजिनाची कमाल शक्ती फार वाढते, असे नाही. नीट जुळवलेला कार्ब्युरेटरही पूर्ण वेगात चांगली शक्ती देतो. इंजेक्शनचा खरा लाभ हा, की बदलत्या परिस्थितीत ते प्रमाण टिकवते.

मालमोटारींच्या बाबतीत आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. आपल्याकडील बहुतेक ट्रक डिझेलवर चालतात, आणि डिझेल इंजिनाला कार्ब्युरेटर नसतोच. तेथे आधी हवा दाबून अतिशय तप्त केली जाते आणि मग तिच्यात डिझेलचा फवारा सोडला जातो. अशा पंपांचे भारतातील मोठे केंद्र बेंगळुरूच होते. १९५१ साली स्थापन झालेल्या 'मायको' या कंपनीने तेथे स्पार्क प्लग आणि डिझेल इंजेक्शनची सामग्री बनवली. तिचा दुसरा कारखाना नाशिकला उभा राहिला. तेथील 'मायको सर्कल' हे चौकाचे नाव त्याची आठवण देते. २००८ साली या कंपनीचे नाव बॉश लिमिटेड झाले.

पेट्रोल गाड्यांमध्ये बदल घडला तो मुख्यतः धुरामुळे. २००० सालापासून देशात प्रदूषणाचे नियम कडक होत गेले. धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरकाला मिश्रणाचे प्रमाण अचूक लागते, आणि ते कार्ब्युरेटरला सतत साधत नाही. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे मानक लागू झाल्यावर नव्या दुचाक्यांतूनही कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला.

मग जुन्या जीपच्या मालकाने काय करावे? कार्ब्युरेटर स्वस्त असतो. वाटेत बिघडला, तर पेचकस आणि हवेचा झोत एवढ्यावर बहुधा काम भागते. इंजेक्शनसाठी नवा पंप, अधिक दाब सोसणाऱ्या नळ्या, स्वच्छ पेट्रोल, सशक्त बॅटरी आणि दोष शोधणारा स्कॅनर हवा. गाडी क्वचित, एकाच प्रदेशात चालणार असेल, तर त्या उंचीला योग्य जेट बसवून जुना कार्ब्युरेटर नीट जुळवणे शहाणपणाचे ठरते. ती रोज चढउतारावर पोटासाठी राबणार असेल, तर इंजेक्शनचा खर्च हळूहळू भरून निघू शकतो. बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी मात्र करावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाजोगते फेरफार करता येत नाहीत.

या बदलाची सर्वांत मोठी झळ कारागिराला लागली. इंजिनाचा आवाज ऐकून स्क्रू पाव फेरा फिरवणाऱ्या मिस्त्रीचे कसब वर्षानुवर्षांच्या सरावाचे होते. संगणकाच्या गाडीपुढे ते अपुरे पडू लागले. मात्र ते वाया गेले, असे म्हणता येत नाही. स्कॅनर दोषाचा क्रमांक दाखवतो. तो दोष हवा गळल्याने आला, की इंजेक्टर तुंबल्याने, याचा उलगडा माणसालाच करावा लागतो. हवा आणि इंधन यांचे नाते ज्याला उमगले आहे, त्याला नवे यंत्र शिकणे सोपे जाते. त्यासाठी वयाची अट नाही. शिकण्याची तयारी मात्र हवी.