कापडी लंगोटाचे माप: गैरसमज आणि वस्तुस्थिती

कापडी लंगोटाचे दोन भाग असतात आणि या साध्या गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यामुळेच त्याच्या मापाविषयीचे बहुतेक गैरसमज पसरतात. आतला भाग म्हणजे लघवी शोषून घेणारी सुती घडी. बाहेरचा भाग म्हणजे ती ओल कपड्यांपर्यंत आणि अंथरुणापर्यंत पोहोचू न देणारे कव्हर. हे कव्हर आज बहुधा पीयूएल नावाच्या कापडाचे, म्हणजे एका बाजूला पॉलियुरेथेनचा पातळ थर बसवलेल्या पॉलिएस्टरचे असते. मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या गेलेल्या तिकोनी लंगोटाला मापाची गरज भासली नाही, कारण जुन्या मऊ लुगड्याचा किंवा धोतराचा चौकोनी तुकडा दर वेळी बाळाच्या अंगावरच नव्याने दुमडून गाठ मारून बसवला जात असे. शिवलेल्या कव्हरला ही मुभा नसते. त्याचा घेर आणि उंची इलॅस्टिक, टिचबटणे व शिवण यांनी आधीच ठरवून टाकलेली असते, म्हणून तिथे माप चुकले की कापड कितीही चांगले असले तरी ओल बाहेर येते.

बाळाचे वय सांगितले की माप आपोआप कळते, हा सर्वांत रुळलेला समज आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 साली प्रसिद्ध केलेल्या वाढीच्या मानकांनुसार, जी भारतासह सहा देशांतील बालकांच्या पाहणीवर आधारलेली आहेत, सहा महिन्यांच्या मुलाचे मध्यम वजन 7.9 किलो असले तरी सुमारे 6.4 पासून 9.8 किलोपर्यंतचे वजन नेहमीच्या पल्ल्यात मोडते. एकाच वयाच्या दोन निरोगी बाळांत तीन किलोंहून अधिक फरक असू शकत असेल, तर ‘तीन ते सहा महिने’ ही चिठ्ठी दोघांनाही सारखीच लागू पडेल, असे मानण्यास आधार उरत नाही. वजन हा वयापेक्षा बरा निकष आहे, परंतु तोही अपुराच, कारण आठ किलोंचे एक बाळ लांबसडक आणि बारीक मांड्यांचे असते, तर तेवढ्याच वजनाचे दुसरे बाळ आखूड, गुटगुटीत आणि मांड्यांना वळ्या असलेले असते. पहिल्याला उंच व अरुंद कव्हर लागते, दुसऱ्याला कमी उंचीचे पण पायाशी रुंद.

खरी गरज तीन मापांची असते. पहिले कमरेचे, जे बेंबीच्या साधारण दोन बोटे खाली, कव्हरची वरची कड जिथे बसणार आहे तिथे घ्यावे; दुसरे मांडीचे, सर्वांत भरलेल्या जागी; आणि तिसरे, जे बहुतेकांकडून राहून जाते, ते पुढून मागे जाणारे, म्हणजे पुढच्या कमररेषेपासून दोन पायांमधून पाठीमागच्या कमररेषेपर्यंतचे. बाळ उताणे निजवून टेपचे टोक पुढच्या कमररेषेवर अंगठ्याने धरावे, दुसऱ्या हाताने बाळाचे दोन्ही पाय अलगद वर उचलून टेप खालून मागे न्यावी, पाय पुन्हा खाली ठेवावेत आणि मगच आकडा वाचावा. पाय उचललेले असताना पाठ गोलावते व माप फसवे येते. चुळबुळ करणाऱ्या बाळाच्या बाबतीत टेपऐवजी न ताणणारा जाड दोरा वापरून त्यावर पेनाने खूण करणे आणि नंतर तो पट्टीवर मोजणे अधिक सोपे जाते. बसू लागलेल्या बाळाचे पोट व मांड्या बसल्यावर फुगतात, त्यामुळे कमर आणि मांडी बसलेल्या स्थितीतही मोजून मोठा आकडा धरावा.

माप उघड्या अंगावर घ्यावे की लंगोटावर, याबाबतही घोळ होतो. शिंपी अंगाचे माप घेऊन त्यात सैलपणा मिळवतो, म्हणून इथेही तसेच करावे, असे अनेकांना वाटते. तयार कव्हरच्या तक्त्यावर उघड्या अंगाचे माप मागितले असेल, तर ते तसेच द्यावे. मात्र घरी शिवताना पुढून मागे जाणारे माप आतली घडी बांधल्यावरच घेतले पाहिजे, कारण ती घडी मांड्यांमध्ये कित्येक थरांची असते, रात्रीच्या वापरात त्यात आणखी एक पट्टी घातली जाते, आणि हे मापातले अंतर अंदाजाने भरून काढता येत नाही. ते कमी पडले की कव्हर पाठीमागून खाली ओढले जाते आणि ओल कमरेतून वर येते. दोष मात्र कापडाला दिला जातो.

कव्हर गळू लागले की ते अधिक आवळावे, हा उपाय जितका स्वाभाविक वाटतो तितकाच तो चुकीचा आहे. ओल बहुतेक वेळा पायाकडून बाहेर येते, आणि तिथे पायाचा इलॅस्टिक किती घट्ट आहे यापेक्षा तो कुठे बसला आहे हे महत्त्वाचे असते. त्याची जागा जांघेत, म्हणजे मांडी व धड यांच्यामधल्या घडीत आहे. तो मांडीवर खाली उतरला, तर पाय हलवताच त्याच्या आणि कातडीच्या मध्ये फट पडते, आणि आवळल्याने ती फट मिटत नाही, केवळ मांडीवर वळ उठतात. कव्हर घातल्यावर दोन्ही जांघांतून बोट फिरवून इलॅस्टिक आत सारणे आणि सुती घडीची कड कव्हरबाहेर डोकावत नाही ना हे पाहणे, एवढ्याने पुष्कळ गळती थांबते, कारण बाहेर राहिलेले कापडाचे टोक वातीसारखी ओल बाहेर खेचते. कमरेशी दोन बोटे आणि मांडीशी एक बोट सहज सरकले, तर कव्हर पुरेसे घट्ट आहे. काढल्यावर दिसणारी फिकट गुलाबी रेघ थोड्या वेळात नाहीशी होत असेल तर चिंतेचे कारण नाही. खोल, लाल आणि टिकून राहणारा वळ मात्र माप लहान पडल्याचे सांगतो. शिवणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की पायाचा घेर न ताणता मांडीच्या मापापेक्षा लहान आणि पूर्ण ताणल्यावर त्याहून निश्चित मोठा भरला पाहिजे.

जाड लंगोटाने पाय वाकडे होतात, ही भीती आजही घरोघरी बोलून दाखवली जाते. जन्मतःच बाळाचे पाय गुडघ्यांशी किंचित बाहेर वळलेले असतात आणि ते साधारण दीड-दोन वर्षांपर्यंत सरळ होत जातात. त्याचा लंगोटाशी संबंध नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी 2012 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डायपर घातलेली बालके उघड्या अंगापेक्षा अधिक पाय फाकून चालतात असे आढळले, पण तो परिणाम चालण्याच्या त्या वेळेपुरता होता, हाडांच्या वळणाविषयी नव्हता. उलट खुब्याच्या सांध्याला पाय दुमडून बाजूला पसरलेली स्थिती पोषक असते, आणि धोका पाय सरळ जुळवून घट्ट गुंडाळण्यात असतो.

जन्मापासून अडीच-तीन वर्षांपर्यंत एकच कव्हर चालते, या विधानात अर्धेच तथ्य आहे. टिचबटणांच्या रांगांनी उंची कमी करता येते, तरी तीन किलोंच्या आतबाहेरच्या नवजात बाळाच्या मांड्या इतक्या बारीक असतात की पायाचा घेर मोकळा राहतो. शिवाय नाळ पडेपर्यंत वरची कड बेंबीला घासू नये म्हणून पुढे कमी उंचीचे कव्हर लागते. पहिल्या महिन्यासाठी वेगळी लहान कव्हरे किंवा नेहमीचे तिकोनी लंगोट हाच व्यवहार्य मार्ग आहे.

कव्हरवरून घालायच्या विजारीत एक माप मोठे घेतले की काम भागते, असे समजून आणलेली विजार पायात लोळते, कमरेला सैल होते आणि मागे तरीही अपुरीच पडते, कारण जास्तीची जागा बैठकीत हवी असते, लांबीत नव्हे. शिवताना दोन पायांच्या मध्ये चौकोनी तुकडा जोडावा, मागची उंची पुढच्यापेक्षा जास्त ठेवावी आणि पायाची लांबी लंगोटाच्या खालच्या कडेपासून घोट्यापर्यंत मोजावी. सुती कोरे कापड आधी पाण्यातून काढावे, अन्यथा पहिल्या धुण्यात ते आटून सारे हिशेब बिघडतात.

पहिल्या सहा महिन्यांत वाढ झपाट्याने होत असल्याने ही तिन्ही मापे दर महिन्याला पुन्हा घ्यावीत. बारशाच्या भेटीसाठी कव्हरे किंवा विजारी शिवणाऱ्या आत्या-मावश्यांनीही त्या आधीच शिवून ठेवू नयेत. बाळ घरी आल्यावर त्याच्या आईकडून तीन आकडे मागवावेत आणि मगच कापडाला कात्री लावावी.