स्लॅबचा हिशेब : गोण्या किती आणाव्यात?

आम्हा कापडवाल्यांना वार-मीटरचा हिशेब तोंडपाठ असतो. पण घर बांधायला काढले की आम्हीच "मिस्त्री, गोण्या किती आणू?" असे विचारून मोकळे होतो. मीही तेच केले. २५ फूट बाय २० फूट, ५ इंची स्लॅब. मिस्त्रीने तोंडी ४८ गोण्या सांगितल्या, तेवढ्याच आणल्या. मगरिबच्या सुमारास सिमेंट संपले. पावपेक्षा जास्त काम बाकी आणि दुकाने बंद. दुसऱ्या दिवशी उरलेला भाग ओतला खरा, पण त्या जोडातून दर पावसाळ्यात पाणी झिरपते. खाली कापडाचे तागे ठेवायची सोय राहिली नाही.

नंतर कागद-पेन्सिल घेऊन बसलो तेव्हा चूक सापडली. २५ गुणिले २० म्हणजे ५०० चौरस फूट. ५ इंचाचे फूट करायला १२ ने भागायचे. गुणाकार येतो २०८ घनफूट. मिस्त्रीचा हिशेब एवढाच होता. बीम त्याने धरलेच नव्हते! म्हणजे कुर्त्याचे कापड मोजले आणि बाह्या विसरला.

चार बाजूंचे आणि मधला एक मिळून बीमची लांबी ११० फूट. रुंदी ९ इंच, उंची १५ इंच. त्यातले वरचे ५ इंच स्लॅबमध्ये मोजून झाले, म्हणून १० इंचच धरायचे. हे झाले ६९ घनफूट. एकूण २७७. सांडलवंड शेकडा ५ धरली की २९१ घनफूट, म्हणजे २.९ ब्रास. (१०० घनफुटांचा एक ब्रास.)

आता माल. जुने मिस्त्री अजून १:२:४ सांगतात, पण आय. एस. ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीनुसार सळईच्या कामाला किमान एम-२० काँक्रीट हवे. छोट्या घरकामात त्यासाठी १ भाग सिमेंट, दीड भाग वाळू, ३ भाग खडी असे प्रमाण धरतात. सुका माल कालवला की बसतो, वाळू खडीच्या फटीत शिरते. म्हणून एक ब्रास तयार काँक्रीटला सुमारे दीड ब्रास सुका माल लागतो. एका ब्रासला ५० किलोच्या २३ गोण्या, ४२ घनफूट वाळू, ८४ घनफूट खडी असा हिशेब बसतो. माझ्या स्लॅबला ६७ गोण्या, सव्वा ब्रास वाळू आणि अडीच ब्रास खडी हवी होती. कॉलम आणि पाया यांचा हिशेब याच रीतीने, पण वेगळा करावा.

गोण्या कमी पडत आहेत असे दिसले की काही कारागीर पाणी वाढवून माल पुरवतात. जोडापेक्षाही हे वाईट, कारण काँक्रीटची ताकदच जाते आणि वरून काही दिसत नाही. मालकाने त्या दिवशी दुकान बंद ठेवून उभे राहावे.

वाळूचा ट्रक आला की रिकामा होण्याआधी फाळक्याच्या आत टेप लावा : लांबी, रुंदी, मालाची उंची फुटांत, गुणाकाराला १०० ने भागले की ब्रास. ओलसर वाळू फुगलेली असते, मापात जास्त दिसते, तेव्हा थोडी जादाच मागवा. तयार काँक्रीटची गाडी बोलावणार असाल तर तिथे भाव घनमीटरवर असतो. ३५.३ घनफुटांचा एक घनमीटर. माझा स्लॅब सव्वाआठ घनमीटरचा भरला असता.