अँटीबॉडी तशाच राहिल्या, मग आजार का कमी झाला?

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस, या आजारात आपलीच रोगप्रतिकारक यंत्रणा मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंवरचं मायलिनचं आवरण खराब करते. बहुतेक रुग्णांच्या मज्जारज्जूभोवतीच्या द्रवाची तपासणी केली, तर त्यात अँटीबॉडींचे ठळक पट्टे दिसतात. त्यांना ऑलिगोक्लोनल बँड म्हणतात. मग साहजिकच वाटतं, की दोष अँटीबॉडींचाच. पण हे तपासायचं कसं?

आधी एक फरक लक्षात ठेवा. बी पेशींपासून प्लाझ्मा पेशी बनतात आणि अँटीबॉडींचा मुख्य कारखाना म्हणजे या प्लाझ्मा पेशी. बी पेशींवर सीडी२० नावाचं प्रथिन असतं, बहुतेक प्लाझ्मा पेशींवर ते नसतं.

रिटुक्सिमॅब हे औषध नेमकं सीडी२०ला चिकटतं. त्यामुळे बी पेशी मरतात, प्लाझ्मा पेशी वाचतात. १०४ रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल २००८ साली प्रसिद्ध झाले. एमआरआयमध्ये दिसणाऱ्या ताज्या दाहाच्या जागा २४ आठवड्यांच्या आत ९१ टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. रक्तातल्या आयजीजी अँटीबॉडी मात्र फारशा घटल्या नव्हत्या!

आता उलटी बाजू बघा. अटॅसिसेप्ट हे औषध प्लाझ्मा पेशींना जगवणारे संकेत अडवतं आणि अँटीबॉडी कमी करतं. एमएसमध्ये त्याचा फायदा व्हायला हवा होता. प्रत्यक्षात रुग्णांमध्ये आजार उलटण्याचं प्रमाण वाढलं आणि २००९ मध्ये चाचणी थांबवावी लागली.

यातून काय कळतं? बी पेशी फक्त अँटीबॉडीचा कच्चा माल नाहीत. त्या टी पेशींना प्रतिजन दाखवतात, दाह वाढवणारे सायटोकाइन सोडतात. काही मात्र आयएल-१० सोडून दाह शमवतात. २०१९ मध्ये तर उंदरांत असं दिसलं, की आतड्यातून आलेल्या आयजीए बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी मेंदूतला दाह कमी करतात.

म्हणून अँटीबॉडी निर्दोष ठरल्या का? नाही. अटॅसिसेप्टचा परिणाम बी पेशींवरही होतो, त्यामुळे त्या एका चाचणीवरून थेट निष्कर्ष काढता येत नाही.

संशोधनाकडे वळणार असाल, तर कुठलाही पेपर वाचताना दोन प्रश्न विचारा: नेमकी कोणती पेशी काढली, आणि कोणती मागे राहिली? आजारात एखादी गोष्ट सापडली म्हणून तीच कारण ठरत नाही. चुकीच्या गृहीतकाची किंमत कधी कधी रुग्णाला मोजावी लागते.