काँगोच्या गिटारी

काँगो नदीच्या दोन तीरांवर किन्शासा आणि ब्राझाव्हिल ही राजधानीची शहरे समोरासमोर वसली आहेत. राज्ये दोन, परंतु नाचाचे संगीत एकच. त्या काँगोली रुंब्याला ‘युनेस्को’ने २०२१ च्या डिसेंबरात मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. हा मान उशिराच मिळाला, असे आमचे मत आहे.

गुलामांच्या जहाजांतून क्यूबात गेलेले आफ्रिकी ताल १९३० नंतर तबकड्यांवरून मायदेशी परतले आणि काँगोच्या तरुणांनी क्यूबाच्या पियानोचे काम गिटारीवर सोपविले. हे संगीत ऐकावे ते मात्र वाद्यवृंद समोर वाजत असतानाच. गीताचा पूर्वार्ध संथ, लिंगाला भाषेतील प्रेमविरहाचा. मग गायक मागे सरतात आणि ‘सेबेन’ सुरू होते. एक गिटार ताल धरते, दुसरी वरच्या सुरांत लहानसा तुकडा पुन:पुन्हा घोळविते, आणि दोहोंमधली फट ‘मी-सोलो’ नावाची तिसरी गिटार भरून काढते. यांतील एकटी गिटार ऐकली तर फारसे काही हाती लागत नाही. तिन्ही एकत्र आल्या की नर्तकाचे पाय थांबत नाहीत. तीन मिनिटांच्या जुन्या तबकडीत हे मावणे अशक्यच होते. मांडोमागून येणारे दुलपद ज्याने ऐकले आहे, त्या गोमंतकीयाला ही चाल परकी वाटणार नाही.

या परंपरेचा मेरुमणी फ्रांको लुआंबो. त्याची आई बाजारात तळणीचे पदार्थ विकी आणि हा पोर शेजारी गिटार वाजवून गिऱ्हाइके जमवी. १९५६ साली स्थापन झालेला ‘ओके जाझ’ हा वाद्यवृंद पुढे त्यानेच १९८९ मधील आपल्या मृत्यूपर्यंत चालविला. १९६५ साली सत्ता बळकाविणाऱ्या मोबुटूंनी संगीताला उदार आश्रय दिला खरा, पण त्याची किंमतही वसूल केली. १९८४ च्या निवडणुकीत फ्रांकोने त्यांचे प्रचारगीत गायिले. त्याआधी १९७८ साली अश्लील गीतांच्या आरोपावरून त्याच राजवटीने त्याला तुरुंग दाखविला होता. तो वारला तेव्हा चार दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा पाळण्यात आला. त्या प्रचारगीताचे समर्थन आम्ही करणार नाही. मात्र एवढ्या वादकांचे संसार ज्याच्यावर अवलंबून होते, त्याला नकार देणे किती सोपे होते, याचाही विचार व्हावा.

पुढे १९८० च्या दशकात पॅरिसमध्ये मुद्रित होणाऱ्या ‘सूकूस’मध्ये यंत्राचा ताल शिरला, संथ पूर्वार्ध आखडत गेला. यंत्राला जेवू घालावे लागत नाही, हे त्यामागचे साधे कारण असावे. वादकांची वाद्येसुद्धा पुष्कळदा वृंदाच्या मालकाचीच असत. मालकाशी बिनसले की हातची गिटारही गेली. वारशाचा मान पदरात पडलेल्या दोन्ही सरकारांनी आता निदान त्या तिसऱ्या गिटारीच्या वादकाला स्वत:चे वाद्य आणि महिन्याची बिदागी मिळेल, एवढी तरी तजवीज करावी.